एका ईसीजीचे तीन आकडे

अमेरिकेत ईसीजी काढला, तर त्याचे तीन वेगवेगळे आकडे होऊ शकतात. ९३००० म्हणजे पूर्ण ईसीजी: पट्टी काढली, डॉक्टरने वाचली, अर्थ लिहून सही केली. ९३००५ म्हणजे नुसती पट्टी काढली. ९३०१० म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मशीनवर निघालेली पट्टी फक्त वाचली. कार्डिऑलॉजिस्टच्या स्वतःच्या दवाखान्यात मशीन त्याचं, टेक्निशियन त्याचा आणि वाचणारे डोळेही त्याचेच, म्हणून तिथे ९३०००. तोच डॉक्टर संध्याकाळी हॉस्पिटलात राउंडला गेला आणि तिथल्या पट्ट्या त्याने पाहिल्या, तर मशीन हॉस्पिटलचं. डॉक्टरच्या वाट्याला ९३०१०. तिथेही सवयीने ९३००० लिहिला, तर दुसऱ्याच्या मशीनचं भाडं आपण मागितल्यासारखं होतं आणि क्लेम परत येतो.

पूर्ण ईसीजीला मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, साधारण पंधरा डॉलर देतो. नुसत्या वाचनाला आठेक. म्हणजे भांडण सात डॉलरचं. आपल्याकडे ईसीजीचे पैसे काउंटरवर भरले की विषय संपतो, त्यामुळे सात डॉलरसाठी तीन आकडे हा प्रकार आपल्याला चिंधीचोरीचा वाटतो. पण चार-पाच डॉक्टरांच्या दवाखान्यात वर्षाकाठी अशा हजारो पट्ट्या निघतात, आणि ईसीजी ही तर सगळ्यात स्वस्त गोष्ट. आपण ज्याला टूडी इको म्हणतो, त्याचे आकडे वेगळे: डॉपलरसह पूर्ण असेल तर ९३३०६, डॉपलर नसेल तर ९३३०७, एखादीच गोष्ट बघायला केलेला असेल तर ९३३०८. ट्रेडमिलवर पळवण्याच्या चाचणीचे चार आकडे आहेत. देखरेख कुणी केली, आलेख कुणी काढला, वाचला कुणी, की सगळं एकाच छताखाली झालं, यावर आकडा बदलतो.

कामाचे असे तुकडे पाडून प्रत्येकावर आकडा चिकटवला, की आकडा चिकटवण्याचं काम कुठेही बसून करता येतं. ओहायोतल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत करता येतं, तसंच ते चेन्नईत, मनिलात किंवा नवी मुंबईतल्या ऐरोलीत करता येतं. आकड्यात जे मावत नाही तेवढं मात्र डॉक्टरपाशी राहून जातं. या धंद्यातला बराचसा घोळ त्या राहून गेलेल्या भागातून निघतो.

*

बिलाच्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं असावी लागतात: काय केलं, आणि का केलं. दोन्हींसाठी दोन वेगळे कोश आहेत.

‘का’चा कोश जुना आहे आणि त्याचा जन्म मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी झाला. पॅरिसचा संख्याशास्त्रज्ञ झाक बर्टियाँ याने १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. लोक कशाने मरतात हे सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने लिहावं, एवढाच तिचा हेतू. पुढे १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी हाती घेतली, तिच्यात जिवंत माणसांचे आजारही आले, आणि तिला आयसीडी म्हणून लोक ओळखू लागले. अमेरिका नवव्या आवृत्तीवर अडून बसली होती. दहावीवर जायची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलून अखेर १ ऑक्टोबर २०१५ ला तिने उडी मारली. चौदा हजारांच्या आसपास असलेले आजाराचे कोड एका रात्रीत सत्तर हजारांच्या घरात गेले. कोंबडीने चोच मारली यालाही स्वतंत्र कोड आहे, आणि जेट विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला माणूस दुसऱ्यांदा तपासणीला आला तर त्यालाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तेव्हा यावर मनसोक्त विनोद केले. दुसऱ्यांदा तपासणीला येण्याची शक्यता हा त्यातला माझा आवडता.

हृदयाच्या बाबतीत मात्र ही वाढ चेष्टेची नव्हती. हार्ट अटॅक म्हटलं की कोडर, म्हणजे आकडे लावणारा, विचारतो: कुठली धमनी? डाव्या बाजूने पुढे उतरणारी, जिला आपल्याकडचे पेशंटही आता एलएडी म्हणतात, ती बंद पडून ईसीजीवरचा ‘एसटी’ नावाचा भाग उंचावलेला असेल तर आय२१.०२. उजवी बंद पडली तर आय२१.११. आणि हा अटॅक ‘ताजा’ कुठवर म्हणायचा, तर चार आठवडे. त्यानंतर त्या अटॅकचं काही उरलं नसेल तर तो आय२५.२ होतो, जुना. आजार तोच, माणूस तोच, पण एकोणतिसाव्या दिवशी त्याचा आकडा बदलतो.

‘काय’चा कोश अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा. सीपीटी नावाने तो १९६६ साली पहिल्यांदा छापला, तेव्हा त्यात मुख्यतः शस्त्रक्रिया होत्या. सरकारने मेडिकेअरसाठी तो १९८३ पासून स्वीकारला आणि पुढे सगळ्या विमा कंपन्यांना त्याच आकड्यांत बोलणं भाग पडलं. गंमत अशी की या कोशाचा स्वामित्वहक्क अजून त्या संघटनेकडेच आहे. सरकारने सक्तीची केलेली भाषा आणि तिचा शब्दकोश एका खाजगी संस्थेच्या मालकीचा. वापरायचा तर परवाना घ्या. मराठीत लिहिण्यासाठी कुणी बाराखडीचं भाडं मागितलं तर कसं वाटेल, तसं हे आहे.

आकड्याला किंमत कुठून येते? १९८०च्या दशकात हार्वर्डमध्ये विल्यम शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रत्येक कामाचं वजन काढायचा खटाटोप केला: या कामाला त्या कामाच्या तुलनेत किती वेळ, किती ताण, किती डोकं लागतं? त्या वजनात दवाखान्याचा खर्च आणि चुकीबद्दलच्या खटल्यांचा विमा मिळवला, आणि १ जानेवारी १९९२ पासून मेडिकेअर त्यावर पैसे देऊ लागलं. वजन गुणिले दर. १९९२ साली तो दर ३१ डॉलर होता. मधल्या काळात वर गेला, खाली आला, आणि २०२५ साली होता ३२ डॉलर ३५ सेंट. तेहतीस वर्षांत एक डॉलर पस्तीस सेंटची वाढ! तेवढ्या काळात रिसेप्शनवरच्या बाईंचा पगार, जागेचं भाडं, सॉफ्टवेअरची वर्गणी यांचं काय झालं असेल, हे सांगायला हार्वर्ड नको. २०१० मध्ये इको आणि न्यूक्लिअर चाचण्यांच्या मोबदल्यावर कात्री चालली तेव्हा कितीतरी कार्डिऑलॉजिस्टांनी स्वतःचे दवाखाने हॉस्पिटलांना विकून नोकरी धरली. जे टिकले, त्यांना दोनच गोष्टी हातात होत्या: मिळायचे पैसे बुडू द्यायचे नाहीत, आणि ते मिळवायचा खर्च कमी करायचा. बिलिंग बाहेर देण्याची कल्पना या दोन्हींत बसते.

*

आता एक रुग्ण घेऊ. समजा ओहायोत राहणारा, अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त बसचालक. रविवारी सकाळी छातीत कळ आली, घाम फुटला, बायकोने अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात नेल्याबरोबर अँजिओग्राफी, एलएडी पूर्ण बंद, तिथल्या तिथे अँजिओप्लास्टी आणि एक स्टेंट. डॉक्टरने हात धुतले आणि रिपोर्ट डिक्टेट केला.

आपल्याकडे यासाठी पॅकेज असतं. त्यामुळे पुढची गोष्ट आपल्या पचनी पडायला वेळ लागतो. अमेरिकेत या सकाळची निदान दोन बिलं होतात. कॅथलॅब, नर्सेस, खाट आणि स्टेंट हे हॉस्पिटलच्या बिलात. डॉक्टरच्या हातांचं आणि डोक्याचं बिल वेगळं, त्याच्या स्वतःच्या दवाखान्याच्या नावाने. बाहेर जातं ते बहुधा हे दुसरं.

सोमवारी हा रिपोर्ट ऐरोलीतल्या एका स्क्रीनवर उघडतो. वाचणारी मुलगी बीएचएमएस आहे, किंवा फिजिओथेरपी झालेली, किंवा बी.फार्म. महाराष्ट्रात या शाखांतून बाहेर पडलेल्यांना पहिल्या नोकरीत जो पगार मिळतो तो पाहता, ती इथे का आली हे विचारायचं कारण नाही. शरीर तिला ठाऊक आहे आणि इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो. बाकीचं तिने परीक्षा देऊन मिळवलं. एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा: शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्क्यांना पास. परीक्षेत कोशाची जाडजूड पुस्तकं उघडून बघायला परवानगी असते, तरी वेळ पुरत नाही. पास झाल्यावरही नावापुढच्या अक्षरांना ‘ए’ची शेपटी लागते, शिकाऊ म्हणून, अनुभव दाखवला की ती गळून पडते. हृदयाच्या कोडिंगची परीक्षा त्यानंतरची, निराळी.

रिपोर्टमध्ये वाक्य आहे: एलएडीमध्ये १०० टक्के अडथळा, स्टेंट बसवला.

एवढ्यावर तिला आकडा लावता येत नाही. शंभर टक्के बंद असलेल्या धमनीचे तीन अर्थ होतात. आत्ताच्या अटॅकमध्ये अचानक बंद पडली आणि तीच या अटॅकची मूळ असेल, तर ९२९४१. तीन महिन्यांहून जास्त काळ बंद असेल, आजूबाजूच्या बारक्या वाहिन्यांनी कसंबसं भागवून घेतलं असेल, तर ९२९४३. यातलं काहीच लिहिलं नसेल तर आपला साधा स्टेंट, ९२९२८. पडद्यावरच्या चित्रात तिन्ही वेळी धमनी सारखीच तुटलेली दिसेल. फरक डॉक्टरच्या डोक्यात आहे. तो कागदावर उतरला नसेल तर ऐरोलीतल्या मुलीच्या दृष्टीने तो नाही. या धंद्यातलं पहिल्या दिवशी शिकवलं जाणारं वाक्य हेच: लिहिलं नाही, तर झालं नाही.

मग ती अँजिओग्राफीकडे वळते. डॉक्टरने फक्त धमन्यांत रंग सोडून चित्र घेतलं, की कॅथेटर महाधमनीची झडप ओलांडून डाव्या जवनिकेत नेला आणि तिथला दाब मोजला? पहिल्याला ९३४५४, दुसऱ्याला ९३४५८. त्यासाठी ती अख्ख्या रिपोर्टात दाबाची एक ओळ शोधते. पुढचा प्रश्न त्याहून अवघड: अँजिओप्लास्टी करताना रस्ता बघायला रंग सोडावाच लागतो, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. हे निदानासाठी केलेलं खरं अँजिओ होतं, आधीचं कुठलं अँजिओ हाताशी नव्हतं, आणि त्यात जे दिसलं त्यावरूनच स्टेंट टाकायचं ठरलं, असं रिपोर्टात असेल तरच दोन्ही मागता येतात. तेव्हा ९३४५८ला शेपट्या लागतात: २६, म्हणजे फक्त डॉक्टरचं काम, आणि ५९, म्हणजे हे काम त्या कामाहून निराळं. स्टेंटच्या आकड्याला एलडी, म्हणजे एलएडी. ५९ ही शेपटी तपासनीसांच्या डोळ्यात सलते, कारण एकत्र धरायच्या कामांचे पैसे वेगळे उकळायला ती सर्रास वापरली जाते. कुठली दोन कामं एकत्र मागायची नाहीत याची सरकारी यादी १९९६ पासून आहे आणि ती दर तिमाहीला बदलते.

एक नियम मला विशेष वाटतो. रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर हे दोन्ही एकाच कागदावर असतील, तर एकामुळे दुसरं झालं असं डॉक्टरने म्हटलेलं नसलं तरी कोडरने तसं धरायचं आणि आय११.० लावायचं. डॉक्टरने स्पष्ट लिहिलं की यांचा संबंध नाही, तरच सोडायचं. बाकी सगळीकडे ‘लिहिलं नाही तर झालं नाही’ म्हणणारं हे शास्त्र इथे न लिहिलेलं गृहीत धरतं. कोडरला हे पाठ असावं लागतं. तर्काने इथे पोचता येत नाही.

आणि ती कुणाला विचारू शकते? पेशंटला नाही. नर्सला नाही. तिच्यापुढे फक्त मजकूर आहे. कितीही फायली असोत, रोजचा ठरलेला आकडा पुरा करायचा, आणि बहुतेक ठिकाणी अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. टेबलावर कागद-पेन नसतं, मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये. माहिती अमेरिकेतल्या सर्व्हरवर राहते, इथे तिचं फक्त चित्र दिसतं. १९९६च्या हिपा कायद्याखाली रुग्णाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक कंपनीशी दवाखान्याला करार करावा लागतो. माहिती समुद्रापार न्यायला तो कायदा सरसकट मनाई करत नाही, पण करार आणि काही राज्यांचे नियम करतात.

*

कोडिंगची पाळी दिवसाची असू शकते. रात्र जागतात ते एआर कॉलर. अडकलेल्या पैशांसाठी विमा कंपन्यांना फोन करणं हे त्यांचं काम, आणि ते अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. उन्हाळ्यात ओहायो आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ हललं की इकडची कॅब एक तास सरकते.

नाकारलेल्या क्लेमवर कारणाचा कोड असतो, आणि त्याच्या आधीची दोन अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. सीओ असेल तर तो तोटा डॉक्टरचा, पेशंटकडे मागायचा नाही. पीआर असेल तर पेशंटने द्यायचे. सीओ-१९७: आधी परवानगी घेतली नव्हती. सीओ-९७: हे काम दुसऱ्या कामातच धरलंय. सीओ-२९: मुदत संपली. मेडिकेअरची मुदत वर्षाची, खाजगी कंपन्यांची पुष्कळदा काही महिन्यांचीच. आणि सगळ्यात चीड आणणारा सीओ-५०: हे करायची वैद्यकीय गरज नव्हती. कार्डिऑलॉजिस्टने इको करायला सांगितला, त्यापुढे कारण म्हणून चुकीचा किंवा मोघम कोड पडला, की कंपनीचा संगणक सांगतो गरज नव्हती. माणसाने हे पाहिलेलंही नसतं. मग नवी मुंबईतला पोरगा अर्धा तास होल्डवरचं संगीत ऐकत बसतो, पलीकडे कुणी उचललं की क्लेमचा नंबर, तारीख, डॉक्टरचा दहा आकडी ओळख क्रमांक, एनपीआय, सांगतो, आणि संभाषणाची नोंद टाइप करतो. दवाखाना बाहेरच्या कंपनीला पैसे देतो ते खरं तर या चिकाटीचे. ओहायोतल्या मागच्या खोलीत दोन बायका हेच करत होत्या. त्यांना सकाळी पेशंटांची नावंही नोंदवायची होती, त्यामुळे लहान रकमांचे फोन राहून जात.

मोबदला कसा ठरतो? कोडिंगला फाइलमागे किंवा माणसामागे. पूर्ण बिलिंग दिलं तर बहुधा वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीने. टक्केवारी ऐकायला न्याय्य वाटते, तुमचं वसूल झालं तरच आमचं. मला ती नेहमीच थोडी खुपते. ज्याला टक्का मिळतो त्याला मोठा आकडा लावायचा मोह होणार, आणि लहान रकमेमागे धावायचा कंटाळा. पंधरा डॉलरच्या ईसीजीचे पाच टक्के म्हणजे पाऊण डॉलर. त्यासाठी अर्धा तास होल्डवर कोण बसेल? न्यूयॉर्क राज्यात टक्केवारीने पैसे घेणं डॉक्टरच्या फीची वाटणी मानून निषिद्ध आहे. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी १९९८ मध्ये अशा बाहेरच्या बिलिंग कंपन्यांसाठी खास मार्गदर्शिका काढली होती, ती उगाच नव्हे.

कारण सही डॉक्टरची असते. आकडा कुणीही, कुठेही बसून लावलेला असो, खोटं मागितलं तर प्रश्न डॉक्टरला. तो विचारणारा कायदा १८६३चा आहे, यादवी युद्धात सैन्याला भिकार माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी लिंकनच्या काळात केलेला. सरकारचं जेवढं नुकसान त्याच्या तिप्पट वसुली, वर प्रत्येक क्लेममागे दंड. हृदयाच्या क्षेत्रातलं याचं मोठं उदाहरण २०१५चं. छातीत बसवायचं झटका देणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, त्यालाही योगायोगाने आयसीडीच म्हणतात. मेडिकेअरचा नियम असा की अटॅकनंतर चाळीस दिवस आणि बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर नव्वद दिवस, काही अपवाद सोडले तर, ते बसवायचं नाही. हृदय स्वतःहून सावरतं का ते आधी पाहायचं. ही मुदत न पाळल्याच्या आरोपावरून ४५७ हॉस्पिटलांनी मिळून पंचवीस कोटी डॉलरच्या वर रक्कम भरून प्रकरण मिटवलं. तिथे पुष्कळ डॉक्टरांचं म्हणणं होतं की आमच्या पेशंटला त्या वेळी गरज होती. असेलही. पण दोन तारखांमधलं अंतर हा आकडा आहे, आणि आकडा संगणक मोजतो.

*

तुकडे जितके जास्त, तितक्या जोडण्या जास्त, आणि साखळी जोडणीपाशी तुटते. कोडिंगच्या आधी ट्रान्सक्रिप्शनचा काळ होता: डॉक्टरने टेपवर बोललेलं टाइप करायचं. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाला कराचीहून ईमेल आली: माझे पैसे द्या, नाहीतर तुमच्या रुग्णांच्या फायली इंटरनेटवर टाकते. रुग्णालयाने कराचीला काहीच पाठवलं नव्हतं. त्यांनी काम दिलं होतं जवळच्याच एका कंपनीला. तिने फ्लोरिडात दिलं, तिथून टेक्सासला गेलं, आणि टेक्सासहून कराचीला. शेवटच्या कडीपर्यंत पैसे पोचले नाहीत. काही शे डॉलरमध्ये ते मिटलं, पण आपलं काम नक्की कुणाच्या टेबलावर आहे हे रुग्णालयाला त्या ईमेलमुळे कळलं. या गोष्टीत मला धमकी देणाऱ्या बाईपेक्षा मधले तिघे जास्त लक्षात राहतात.

दुसरी तूट अमेरिकेतच झाली. क्लेम दवाखान्यातून थेट विमा कंपनीकडे जात नाहीत, मधे क्लिअरिंगहाऊस असतं, टपाल खात्यासारखं. २१ फेब्रुवारी २०२४ला चेंज हेल्थकेअर या सगळ्यात मोठ्या टपाल खात्यावर सायबर हल्ला झाला. वर्षाला १५ अब्ज व्यवहार तिथून जात. खंडणी दोन कोटी वीस लाख डॉलर दिली गेली, सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाधित झाली, आणि कित्येक आठवडे देशभरच्या दवाखान्यांचे पैसे अडकले. कोडरांची फौज बाहेरची असो वा घरची, क्लेम तयार होते आणि टाकायला पेटी नव्हती.

आता तर संगणक स्वतःच कोड लावू लागलाय. छाप्यातल्यासारखे एकसारखे ईसीजी-इकोचे रिपोर्ट तो झपाझप उरकतो. कॅथलॅबचे रिपोर्ट अजून माणसाकडे येतात, कारण तिथे वाक्यं अर्धी असतात.

माझ्या ओळखीची एक मुलगी हे कोडिंगचंच काम करते. कॅथलॅब तिने कधी आतून पाहिलेली नाही. गेल्या वर्षी तिच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. घरच्यांनी डिस्चार्ज कार्ड तिच्या हातात दिलं, डॉक्टरच ना तू, बघ काय लिहिलंय. तिने ते वाचलं आणि म्हणाली, “पप्पा, ब्लॉकेज ताजं की जुनं ते यात लिहिलंच नाहीये.” वडील म्हणाले, “अगं, मला विचार ना. शुक्रवारी पहाटे चार वाजता झालं.”

ओहायोच्या बसचालकाच्या बाबतीत तिला असं विचारायची सोय नाही. तिला डॉक्टरला ‘क्वेरी’ पाठवावी लागते, आणि तिचेही नियम आहेत. ‘ताजं आहे असं लिहा, मोठा कोड बसेल’ हे म्हणायचं नाही. पैशाचा उल्लेखसुद्धा करायचा नाही. विचारायचं असं: या अडथळ्याचं स्वरूप आपल्या मते काय? ताजा, जुना, अन्य, की सांगता येत नाही? ही क्वेरी दुपारी चारला ऐरोलीतून निघते तेव्हा ओहायोत पहाट असते. डॉक्टर कॅथलॅबमध्ये, मग राउंडला, मग मुलाच्या शाळेत. तीन दिवसांनी तो संगणक उघडतो आणि रिपोर्टला एक ओळ जोडतो: ताजी गुठळी, हीच धमनी अटॅकचं मूळ. सही, तारीख, वेळ.

९२९४१, एलडी. क्लेम निघतो. मेडिकेअर संगणकावरून आलेल्या क्लेमचे पैसे तेरा दिवस उलटल्याशिवाय सोडत नाही, तसा नियमच आहे. चौदाव्या दिवशी किंवा त्यानंतर मंजूर रकमेचे ८० टक्के दवाखान्याच्या खात्यात जमा होतात. उरलेल्या वीस टक्क्यांपुढे पीआर-२ लागतं, म्हणजे ते बसचालकाचे.

काही महिन्यांनी त्याच्या घरी मेडिकेअरचं पत्र येतं. कुठल्या तारखेला काय झालं, डॉक्टरने किती मागितले, सरकारने किती मंजूर केले, तुमच्याकडून किती येऊ शकतात, सगळं रकान्यांत मांडलेलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: हे बिल नाही.